शाळेतील वीज आणि आपोआप पडणारा खटका

रायगड जिल्ह्याचा विजेशी संबंध फार जुना आहे. लोणावळ्याच्या परिसरातील तलावांत साठविलेले पाणी नळांतून घाटाखाली आणून त्यावर खोपोली येथे वीज निर्माण करण्यास १९१५ साली प्रारंभ झाला, व ती वीज तारांवरून मुंबईच्या गिरण्यांस मिळू लागली. पुढे १९२२ साली भिवपुरी व १९२७ साली भिरा येथील केंद्रे सुरू झाली. तथापि ज्या जिल्ह्यात वीज जन्मली, त्याच जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांत ती पोचावयास बराच काळ लोटला. १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि त्यानंतरच्या काळात ग्रामीण भागात विजेचा प्रसार होत गेला. आज प्राथमिक शाळेत दिवे व पंखे यांखेरीज संगणक, पडदा, पाणी शुद्ध करणारे यंत्र व पाण्याचा पंप इतकी साधने आढळतात. साधने वाढली, त्याबरोबर त्यांपासून मुलांचे रक्षण करण्याची जबाबदारीही वाढली. हे रक्षण कोणत्या साधनाने होते व कोणत्या साधनाने होत नाही, याची स्पष्ट कल्पना प्रत्येक शिक्षकास असावयास हवी. या लेखाचा हेतू तेवढाच आहे.

नेमका प्रसंग कसा उद्भवतो?

पनवेलच्या पूर्वेस, माथेरानच्या डोंगराच्या दिशेने जाणाऱ्या रस्त्यावर नेरे हे गाव आहे. डोंगर जवळ असल्यामुळे येथे पाऊस भरपूर पडतो. जूनच्या मध्यास शाळा उघडतात, तेव्हा भिंतींत ओल उतरलेली असते व उन्हाळाभर बंद असलेली साधने दमट हवेत प्रथमच चालू केली जातात. नेरे व त्याच्या आसपासच्या गावांतील कोणत्याही शाळेत घडू शकेल असा एक प्रसंग कल्पनेने डोळ्यांसमोर आणावा.

कार्यालयाच्या खोलीत दिवे व पंखे चालू आहेत. कोणी चहासाठी विजेची शेगडी लावली आहे. तेवढ्यात टाकी भरण्यासाठी पंप सुरू केला जातो. काही मिनिटांत भिंतीवरील पेटीतील खटका आपोआप खाली पडतो व सर्व बंद होते. खटका वर केला जातो, पुन्हा पडतो. असे दोन-चार दिवस झाले की कोणीतरी सल्ला देतो, "हा खटका फार नाजूक आहे, याच्या जागी मोठा बसवा." सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, परंतु हा सल्ला मानल्यास शाळेस आग लागण्याची वाट मोकळी होते. असे का, हे समजण्यासाठी त्या पेटीत काय असते ते पाहिले पाहिजे.

वितळणाऱ्या तारेपासून खटक्यापर्यंत

तारेतून विद्युत्‌प्रवाह वाहू लागला की तार तापते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते, तिप्पट झाला तर नऊपट होते. म्हणून प्रत्येक जाडीच्या तारेस प्रवाहाची एक मर्यादा असते. ती ओलांडली की तारेवरील प्लॅस्टिकचे वेष्टन प्रथम मऊ होते, मग करपते व शेवटी पेट घेते. हे टाळण्यासाठी पूर्वी सर्वत्र फ्यूज वापरीत. चिनी मातीच्या ज्या डबीस आपल्याकडे किटकॅट म्हणतात, तिच्यात एक बारीक तार ओवलेली असते. प्रवाह वाढला की प्रथम तीच वितळते आणि बाकीच्या तारा वाचतात. या योजनेत दोष एवढाच, की वितळलेल्या तारेच्या जागी कोणीही हाताला लागेल ती जाड तार ओवतो. दिवे लागतात, पण पहारेकरी गेलेला असतो.

या दोषावर उपाय म्हणून पुनःपुन्हा वापरता येईल असा खटका निघाला. जर्मनीतील मान्हाइम येथील ह्यूगो स्टोट्झ यांच्या कारखान्याने १९२४ साली अशा छोट्या खटक्याचे एकस्व घेतले. आज ज्यास आपण एमसीबी म्हणतो, तो त्याचाच वंशज होय.

एमसीबीच्या पोटात काय असते?

बाहेरून ही केवळ एक काळी किंवा पांढरी डबी दिसते. आत मात्र चार निरनिराळ्या योजना एकत्र नांदतात.

पहिली योजना स्प्रिंग व अडसर यांची. उंदराचा सापळा लावताना आपण जोर लावून स्प्रिंग ताणतो आणि एका लहानशा अडसराने ती अडवून ठेवतो. अडसरास किंचित धक्का लागताच सापळा मिटतो. एमसीबीची दांडी वर करताना हेच घडते. आतील स्प्रिंग ताणली जाते, दोन धातूंची टोके एकमेकांस टेकतात व अडसर त्यांना तसेच धरून ठेवतो. अडसर सुटला की टोके तत्काळ विलग होतात. येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कोणी दांडी बोटाने वर दाबून धरली, तरी दोष असल्यास आतील टोके विलग होतातच. दांडी दोरीने बांधून किंवा काडी खोचून वीज चालू ठेवण्याचा प्रयत्न म्हणूनच निरर्थक असतो.

दुसरी योजना दोन धातूंच्या पट्टीची. उष्णतेने सर्व धातू प्रसरण पावतात, पण सारख्या प्रमाणात नव्हे. कमी व अधिक प्रसरण पावणाऱ्या दोन पट्ट्या एकमेकींस घट्ट जोडल्या, तर तापल्यावर त्या एका बाजूस वाकतात. एमसीबीतील प्रवाह अशाच पट्टीतून जातो. प्रवाह मर्यादेपेक्षा थोडा अधिक झाला, तर पट्टी हळूहळू वाकते व अखेर अडसरास ढकलते. ठरलेल्या मानकाप्रमाणे, मर्यादेच्या १.१३ पट प्रवाह असता घरगुती एमसीबी तासभर तरी पडू नये, आणि १.४५ पट असता तासाच्या आत पडलाच पाहिजे. प्रवाह याहून जितका अधिक, तितका हा वेळ कमी होतो. हा विलंब हेतुपुरस्सर ठेवलेला आहे. तार तापण्यास वेळ लागतो, आणि पट्टीही तिच्याच चालीने तापते.

तिसरी योजना विद्युत्‌चुंबकाची. फेजची तार व न्यूट्रलची तार यांचा थेट स्पर्श झाला, म्हणजेच शॉर्ट सर्किट झाले, तर प्रवाह एकाएकी शेकडो अँपिअरपर्यंत चढतो. अशा वेळी पट्टी तापण्याची वाट पाहून चालत नाही. तारेच्या वेटोळ्यातून जाणारा हा प्रवाह आतील लोखंडी दांड्यास खेचून घेतो आणि क्षणार्धात अडसर उडवितो. एमसीबीवर बी, सी किंवा डी असे अक्षर असते, ते याच योजनेविषयी सांगते. बी प्रकारात मर्यादेच्या ३ ते ५ पट, सी प्रकारात ५ ते १० पट आणि डी प्रकारात १० ते २० पट प्रवाहास खटका तत्काळ पडतो. पंप सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढतो, म्हणून पंपासाठी सहसा सी प्रकार वापरतात.

चौथी योजना ठिणगी विझविण्याची. मोठा प्रवाह वाहत असता दोन टोके विलग केली, तर प्रवाह हवेतूनच झेप घेतो व प्रखर ज्योत निर्माण होते. ही ज्योत विझली नाही, तर टोके विलग होऊनही प्रवाह चालूच राहील. म्हणून डबीत धातूच्या पातळ पट्ट्यांची एक फणी असते. ज्योत त्या फणीकडे ढकलली जाते, तिचे अनेक तुकडे होतात, ते थंड होतात व विझतात. खोपोलीसारख्या वीजकेंद्रांत किंवा मोठ्या उपकेंद्रांत हजारो व्होल्टांचा प्रवाह तोडावयाचा असतो. तेथे ज्योत विझविण्यासाठी तेल, दाबाखालील हवा, निर्वात पोकळी किंवा विशिष्ट वायू यांचा उपयोग करीत आले आहेत. तत्त्व मात्र तेच आहे.

मोठा खटका बसविल्याने काय होते?

आता कार्यालयातील प्रसंगाचा हिशेब करून पाहू. पुरवठा २३० व्होल्टांचा आहे. २००० वॅटची शेगडी सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेते. एक अश्वशक्तीचा पंप चालत असता सुमारे ५ ते ६ अँपिअर घेतो. दिवे व पंखे मिळून एखादा अँपिअर धरावा. बेरीज १५ अँपिअरच्या आसपास जाते. त्या खोलीस १० अँपिअरचा एमसीबी व दीड चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार आहे असे मानले, तर खटका पडणे हेच उचित आहे. तो नाजूक नाही. तो कर्तव्य करीत आहे.

त्याच्या जागी ३२ अँपिअरचा एमसीबी बसविला, तर तो ३२ अँपिअर प्रवाह कितीही वेळ निमूटपणे वाहू देईल, आणि ४० अँपिअर झाले तरी कदाचित बराच वेळ पडणार नाही. परंतु भिंतीतील नळीतून गेलेली ती तार साधारणतः १४ ते १६ अँपिअरपुरतीच असते. खटका बदलला, तार तीच राहिली. आता प्रथम जळेल ती तार, आणि तीही भिंतीच्या आत किंवा छपराखाली, कोणाच्या दृष्टीस न पडता. म्हणून नियम असा, की खटका तारेच्या शक्तीप्रमाणे निवडावा, साधनांच्या गरजेप्रमाणे नव्हे. गरज वाढली असेल तर शेगडीसाठी व पंपासाठी योग्य जाडीची स्वतंत्र तार ओढून घ्यावी, आणि तिला तिचा स्वतंत्र खटका द्यावा.

एमसीबी मुलास वाचवितो काय?

येथपर्यंतचे विवेचन तारेच्या रक्षणाचे झाले. पुष्कळांची अशी समजूत असते की पेटीत एमसीबी आहे, तेव्हा शॉक लागला तर तो पडेल व माणूस वाचेल. ही समजूत चुकीची आहे व घातक आहे.

पाण्याने भिजलेल्या जमिनीवर अनवाणी उभ्या असलेल्या एखाद्या मुलाचा हात पंपाच्या अशा लोखंडी भागास लागला की ज्यात आतून वीज उतरली आहे. ओल्या स्थितीत शरीराचा रोध सुमारे १००० ओहम धरला, तर २३० व्होल्टांमुळे शरीरातून ०.२३ अँपिअर म्हणजे २३० मिलिअँपिअर प्रवाह वाहील. हा प्रवाह प्राण घेण्यास पुरेसा आहे. परंतु १० अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने तो क्षुल्लक आहे. एमसीबीची मर्यादाच त्याच्या चाळीसपटींहून अधिक आहे. त्यास वाटेल की कोठेतरी एक दिवा लागला आहे.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठात चार्ल्स डालझील यांनी या विषयाचा दीर्घ अभ्यास केला. हातात धरलेली विद्युन्मय वस्तू माणसास कोणत्या प्रवाहापर्यंत स्वतः सोडता येते, हे त्यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून मोजले. पुरुषांच्या बाबतीत ही मर्यादा सरासरीने सुमारे १६ मिलिअँपिअर व स्त्रियांच्या बाबतीत सुमारे १० मिलिअँपिअर आढळली. त्यापुढे स्नायू आखडतात व हात सुटत नाही. मुलांच्या बाबतीत मर्यादा याहूनही कमी मानली जाते. या अभ्यासातूनच डालझील यांनी १९६१ साली गळती ओळखून वीज तोडणारे एक साधन सिद्ध केले.

गळती ओळखणारा खटका

आपल्याकडे या कामासाठी वापरल्या जाणाऱ्या साधनास आरसीसीबी म्हणतात. जुन्या सवयीने अनेक वायरमन त्यास ईएलसीबी असेही म्हणतात. त्याचे तत्त्व शिक्षकास समजावयास मुळीच कठीण नाही. तासाच्या वेळी पाणी पिण्यास बाहेर सोडलेली मुले व परत आलेली मुले शिक्षक मनाशी मोजतो. दहा गेली व दहा आली तर चिंता नाही. दहा गेली आणि नऊच आली, तर एक मूल भलत्या वाटेने गेले हे तो तत्काळ ओळखतो. किती मुले बाहेर सोडली, पाच की पन्नास, याच्याशी या मोजणीचा संबंध नाही. संबंध आहे तो केवळ फरकाशी.

आरसीसीबीत एक वर्तुळाकार गाभा असतो व फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा त्यातून गेलेल्या असतात. फेजने जितका प्रवाह गेला, तितकाच न्यूट्रलने परतला, तर दोहोंचे चुंबकीय परिणाम एकमेकांस छेद देतात व काहीच घडत नाही. परंतु काही प्रवाह एखाद्याच्या शरीरातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीत गेला, तर जाणे व येणे यांत फरक पडतो. गाभ्याभोवतीच्या तिसऱ्या वेटोळ्यात त्यामुळे वीज उत्पन्न होते व ती अडसर सोडविते. माणसाच्या रक्षणासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी वापरतात. तेवढ्या गळतीस तो ०.३ सेकंदाच्या आत पडला पाहिजे, व गळती पाचपट असल्यास ०.०४ सेकंदाच्या आत. शॉकचा झटका बसतोच, परंतु हृदयाची लय बिघडण्यापूर्वी वीज तुटण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

अर्थिंग चांगले असता याची गरज काय, असा प्रश्न कोणी विचारील. अर्थिंग अत्यावश्यक आहेच. पण जमिनीचा रोध ५ ओहम धरला, तर पंपात दोष उद्भवताच अर्थच्या तारेतून जास्तीत जास्त ४६ अँपिअर प्रवाह जाईल. १६ अँपिअरच्या सी प्रकारच्या एमसीबीचा चुंबक ८० अँपिअरखाली हालत नाही. त्यास पट्टी तापेपर्यंत थांबावे लागेल, आणि तोवर पंपाचा पत्रा विद्युन्मयच राहील. आरसीसीबी मात्र तो दोष तत्काळ ओळखतो. अर्थिंग गळतीला वाट देते व आरसीसीबी ती पाहून वीज तोडतो. दोन्ही एकमेकांस पूरक आहेत.

आरसीसीबीच्याही मर्यादा आहेत. कोणी एका हाताने फेज व दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरली आणि पायाखाली कोरडे लाकूड असले, तर जाणारा व येणारा प्रवाह सारखाच राहतो व आरसीसीबी पडत नाही. तसेच तारेवर भार अधिक झाल्याचे त्यास कळत नाही. म्हणून पेटीत एमसीबी व आरसीसीबी दोन्ही हवेत, किंवा दोहोंची कामे करणारा आरसीबीओ तरी हवा.

खटका पडल्यावर काय करावे?

प्रथम, कोणास शॉक लागला काय, जळका वास येतो काय, हे पाहावे. तसे असल्यास खटका वर करूच नये. कोणी विजेस चिकटलेला असल्यास त्यास हात लावू नये. आधी मेन स्विच बंद करावा, ते शक्य नसल्यास कोरड्या लाकडाने त्यास दूर करावे, आणि १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

अशी आपत्ती नसल्यास सर्व साधने बंद करून त्यांचे प्लग काढावेत. दांडी अर्धवट अडकली असल्यास ती आधी पूर्ण खाली व मग वर करावी. काहीही जोडलेले नसताना खटका पडला, तर दोष तारांत आहे असे समजावे व वायरमन येईपर्यंत वीज बंद ठेवावी. खटका टिकला तर एकेक साधन चालू करावे. ज्या साधनासरशी तो पडेल, ते बाजूस काढून दुरुस्तीस द्यावे. पेटीतील फेरबदल परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यावा.

आरसीसीबीवर टी अक्षराचे एक बटण असते. ते महिन्यातून एकदा, व पावसाळा सुरू होण्यापूर्वी अवश्य, दाबावे. खटका पडलाच पाहिजे. न पडल्यास तो निकामी झाला असे समजून बदलून घ्यावा. या बटणाने केवळ खटक्याची परीक्षा होते, अर्थिंगची होत नाही. तिची तपासणी मोजमापाच्या यंत्राने वेगळी करून घ्यावी लागते.

वर्गात घ्यावयाचे पाठ

या विषयाचे प्रयोग भिंतीतील विजेवर कधीही करू नयेत. साधी कोरडी बॅटरी पुरेशी आहे. खिळ्याभोवती वेष्टनाची तार गुंडाळून विद्युत्‌चुंबक करता येतो. भांडी घासण्याच्या लोखंडी काथ्याचा एक बारीक तंतू दोन-तीन बॅटऱ्यांस जोडून शिक्षकाने दाखविल्यास तो लाल होऊन तुटतो व फ्यूजचे कार्य मुलांस दिसते. अल्युमिनियमच्या पातळ कागदाची पट्टी साध्या कागदास चिकटवून शिक्षकाने ती मेणबत्तीच्या वर काही अंतरावर धरावी. पट्टी कागदाच्या बाजूस वाकते. अल्युमिनियम अधिक प्रसरण पावते हे मुले स्वतःच शोधून काढतील. आरसीसीबीचे तत्त्व तर मुलांनाच बाहेर पाठवून व परत बोलावून खेळातून शिकविता येईल.

मुले हा पाठ घरी नेतात. ज्या घरी किटकॅटमध्ये जाड तार ओवलेली असेल किंवा पंपाची अर्थची तार तुटलेली असेल, तेथे ती प्रश्न विचारतील. तत्पूर्वी शिक्षकाने आपल्या शाळेची पेटी उघडून घेऊन दोन गोष्टी पाहाव्यात. तारेच्या जाडीस साजेसा एमसीबी आहे काय, व ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे काय. दुसरे साधन नसेल तर पेटीतील एमसीबी शाळेच्या तारांचे रक्षण करीत आहेत, मुलांचे नव्हे, असे समजून ती मागणी मुख्याध्यापकांमार्फत त्वरित वर कळवावी.